छोटे फोटो आणि मजकूर: १६ पानी पुस्तिकेतल्या जोड्या कुठे बिघडतात आणि कशा लावायच्या

कवितेत पाऊस आहे म्हणून शेजारी पावसाचा फोटो, आणि लेखात आजी आहे म्हणून शेजारी आजीचा. हाताने केलेली कवितांची चोपडी असो, दिवाळीला मित्रमंडळींत वाटलेली पुस्तिका असो की ग्रंथालयातलं भित्तिपत्रक, सगळीकडे हीच चूक दिसते. फोटो वाईट असतात असं नाही, कामाचा क्रम उलटा धरलेला असतो. आधी आवडते फोटो छापून आणायचे, मग त्यांना शोभतील अशा ओळी शोधायच्या आणि मांडणीचा विचार डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागे उभं राहून करायचा, असं चालतं.

फोटो छोटाच का हवा, हे आधी पक्कं करू. भिंतीवरचा मोठा फोटो बघायला माणूस दोन पावलं मागे सरकतो. सात सेंटिमीटरचा फोटो मात्र पुस्तक जिथे धरलं आहे तिथेच, डोळ्यांपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर पाहिला जातो. ज्या अंतरावरून ओळी वाचतो त्याच अंतरावरून तोही वाचला जातो, त्यामुळे मजकुरातली ती आणखी एक ओळच असते. आणि तीच ओळ दोनदा कोणी लिहीत नाही.

खालची पद्धत ए-फाइव्ह आकाराच्या, १६ पानी, शिवलेल्या पुस्तिकेची आहे. तिच्यात सात जोड्या बसतात. फोटो लॅबमधून छापून आणून पानावर चिकटवायचे आहेत. १० ते २० प्रतींसाठी हे जमतं. त्याहून जास्त प्रती हव्या असतील तर फोटो मजकुरासोबतच छापून घ्या.

## पायरी १: मजकूर आधी ठरवा

प्रत्येक जोडीसाठी ४० ते ९० शब्द. १२ पॉइंट अक्षर आणि १८ पॉइंट ओळ-अंतर धरलं, तर ९० शब्दांच्या साधारण ११ ओळी होतात आणि त्यांची उंची ७० मिलिमीटरच्या आसपास भरते. आपला उभा फोटोही ६९ मिलिमीटरचा आहे. दोन्ही ठोकळे एका वजनाचे झाले की नजर एकाकडेच ओढली जात नाही. अडीचशे शब्दांच्या उताऱ्याशेजारी छोटा फोटो टपाल तिकिटासारखा दिसतो.

कविता असेल तर कवीने तोडलेली ओळ तिथेच तुटली पाहिजे. सर्वांत लांब ओळ ९५ मिलिमीटरच्या रकान्यात मावत नसेल तर ती कविता या पुस्तिकेची नाही. अक्षर बारीक करून ती कोंबू नका.

हक्कांबद्दल. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. नागपुरात हमखास निवडल्या जाणाऱ्या दोन नावांपुरतं सांगायचं तर सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत परवानगी लागणार. ग्रेस २०१२ मध्ये गेले, त्यामुळे तिथे २०७२ संपेपर्यंत. केशवसुत (मृत्यू १९०५) आणि बालकवी (मृत्यू १९१८) यांच्या कविता खुल्या आहेत. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, मूळ कृती कितीही जुनी असली तरी. स्वतःचा किंवा मित्राचा मजकूर घेतला तर हा प्रश्न उरत नाही. तरीही मित्राची संमती लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा पुरेसा धरू नका.

## पायरी २: फोटो छोटे करूनच निवडा

साठेक फोटो काढा, त्यातून वीस ठेवा. मात्र निवड मोबाइलवर बोटांनी मोठं करून करायची नाही. प्रत्येक फोटोची लांब बाजू पडद्यावर पट्टी लावून ६९ मिलिमीटरची करा आणि हातभर अंतरावरून बघा. दोन सेकंदांत काय दिसतं ते सांगता आलं नाही, तर तो बाद.

मोठा असताना उत्तम वाटणारा फोटो इथे का पडतो? बहुतेकदा गर्दीमुळे. मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो दोन फूट रुंद असताना थरारक दिसतो, सात सेंटिमीटरचा केला की त्याची नुसती रांगोळी होते. त्याच दिवशीच्या तान्ह्या पोळ्यातला एकटा लाकडी बैल, मागे साधी भिंत, हा फोटो मात्र टिकतो. फुटाळा तलावावरच्या मावळतीत पाणी आणि आकाश सारख्याच करड्या रंगाचे झाले तर काहीच उरत नाही. काठावर एक माणूस काळा उभा असेल तर तो उरतो. ढोबळ हिशेब असा धरा: उजेड, अंधार आणि मधला करडा मिळून तीन-चारच मोठे तुकडे दिसले पाहिजेत. चेहरा महत्त्वाचा असेल तर छापील मापात तो निदान ८ मिलिमीटर उंच हवा.

नागपूरच्या उन्हाबद्दलही सांगायला हवं. एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंत दुपारी काढलेल्या फोटोत भिंत पांढरीफटक आणि सावली डांबरासारखी येते. छोट्या प्रिंटमध्ये त्या सावलीतलं काहीही दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर काढा. नाहीतर सावलीचा आकार हाच विषय धरा, मग तिच्या आत काय आहे याची फिकीर करायची गरज नाही.

कुटुंबातले जुने फोटो वापरायचे असतील तर मूळ प्रत चिकटवायची नाही. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि मूळ प्रत परत अल्बममध्ये ठेवा.

तपासणी: वीसही फोटो एकाच पडद्यावर लहान-लहान मांडा. त्यांत एकाच जागेचे तीनहून जास्त फोटो असतील तर आत्ताच कमी करा. जोड्या लावताना ते करायला मन धजत नाही.

## पायरी ३: जोड्या लावा

सगळा वेळ द्यायचा तो इथे. मजकुराचे सात उतारे वेगवेगळ्या कागदांवर छापून घ्या. वीस फोटोंचे साध्या कागदावरचे प्रिंट कापून घ्या, खऱ्या मापाचे. सगळं जमिनीवर पसरा.

प्रत्येक उताऱ्यामागे पेन्सिलने त्यातल्या वस्तू, वेळ आणि माणसं लिहा. प्रत्येक फोटोमागे त्यात दिसणाऱ्या वस्तू, वेळ आणि माणसं लिहा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून समान शब्द खोडा. दोन किंवा जास्त शब्द खोडले गेले तर जोडी मोडा. एक शब्द समान असेल तर विचार करा. एकही नसेल तर ती जोडी लगेच फेकू नका.

एक नमुना घेऊ.

> दुपारी सगळं घर आडवं झालं की फक्त कूलरमधलं पाणी बोलतं. कोण आलं, कोण गेलं, त्याचा हिशेब तेच ठेवतं.

यादी: दुपार, घर, कूलर, पाणी, येणं-जाणं. समोर चार फोटो आहेत.

खिडकीत बसवलेला, खसच्या ताट्या लावलेला कूलर: सगळ्यांचा हात पहिला जातो तो याच फोटोकडे. इथे कूलर आणि घर खोडले गेले, शिवाय वाचकाच्या कानात वाजू लागलेला आवाज फोटोने बंद केला. गांधीसागर तलावाचा काठ: फक्त पाणी समान, पण ते तळंभर पाणी टाकीतल्या थेंबांना गिळून टाकतं. फुगलेला पडदा: चुकीचा म्हणता येत नाही, शोभेचा आहे, कुठल्याही दुपारच्या उताऱ्याशेजारी तो चालला असता, आणि जे कुठेही चालतं ते इथे नको. दारात काढलेल्या चपला, त्यातला एक जोड घाईत उलटा पडलेला: वस्तू एकही समान नाही, पण ‘कोण आलं, कोण गेलं’ हे शब्द आता त्या चपलांवर जाऊन बसतात. जोडी ही.

चांगल्या जोडीत बहुधा मजकूर एका क्षणाचा असतो आणि फोटो त्याच्या थोडा आधीचा किंवा नंतरचा. किंवा मजकुरात माणूस असतो आणि फोटोत त्याची रिकामी जागा. मजकूर फार मोठ्या गोष्टीबद्दल असेल, मरण, फाळणी, दुष्काळ असा, तर फोटोत हातात मावणारी वस्तू घ्या.

दुसऱ्या टोकालाही चूक होते. बर्डीवरून सुटलेल्या शेवटच्या बसच्या उताऱ्याशेजारी कळमना बाजारातली संत्र्यांची रिकामी खोकी लावायची आणि ‘रितेपण’ असं समजावून सांगायचं. जोडी समजावून सांगावी लागत असेल तर ती लागलेली नाही.

तपासणी: जोडी माहीत नसलेल्या एका माणसाला बसवा. फोटो झाकून मजकूर वाचू द्या, मग मजकूर झाकून फोटो बघू द्या, मग दोन्ही एकत्र. तिसऱ्या वेळी त्याच्या बोलण्यात नवं काहीच आलं नाही तर जोडी मोडा. ‘छान आहे’ हे नवं धरायचं नाही.

## पायरी ४: कोरी डमी आणि पानांचा क्रम

ए-फोर चार कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध घडी घाला. १६ पानं झाली. पेन्सिलने १ ते १६ आकडे टाका आणि कागद सुटे करून बघा:

- पहिला (बाहेरचा) कागद: १६ आणि १, मागे २ आणि १५
- दुसरा: १४ आणि ३, मागे ४ आणि १३
- तिसरा: १२ आणि ५, मागे ६ आणि ११
- चौथा (सर्वांत आतला): १० आणि ७, मागे ८ आणि ९

शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७ येते. नाही आली तर कागद चुकला.

पान १ शीर्षकाचं, १६ श्रेयांचं, आणि २-३ पासून १४-१५ पर्यंत सात समोरासमोरची पानं. जोड्या तिथे. यांपैकी फक्त ८-९ एकाच कागदावर आहेत. बाकी ठिकाणी डावं आणि उजवं पान वेगळ्या कागदावर छापलं जाणार, त्यामुळे मध्यरेषेवरून ओळ किंवा फोटो जाऊ देऊ नका.

पान उलटलं की नजर आधी उजव्या पानावर पडते. मजकुराचा शेवट फोटोने फोडू नये असं वाटत असेल तिथे फोटो डावीकडे घ्या. सातही फोटो उजवीकडेच ठेवले तर तिसऱ्या जोडीपासून कॅटलॉग चाळल्यासारखं होतं. सगळ्यांत ताकदीची जोडी पहिली लावायचा मोह होतो. ती ६-७ किंवा ८-९ वर न्या.

## पायरी ५: फोटोच्या फाइली आणि लॅब

४ बाय ६ इंची प्रिंटवर (साधारण १०२ × १५२ मिलिमीटर) चार छोटे फोटो बसतात. मधून आडवी-उभी रेघ मारलीत की ७६ × ५१ मिलिमीटरचे चार चौकोन होतात. प्रत्येकात ६९ × ४६ मिलिमीटरचा फोटो मधोमध ठेवा, उभा फोटो आडवा फिरवून. चारही बाजूंना अडीच ते साडेतीन मिलिमीटर पांढरं राहतं. लॅबच्या मशीनवर कडेचा थोडा भाग हमखास जातो, तो या पांढऱ्यातून जाईल.

सात फोटो आणि मुखपृष्ठासाठी एक, असे आठ. म्हणजे एका प्रतीला दोन प्रिंट, वीस प्रतींना चाळीस. कापताना बिघडतात म्हणून तीन-चार प्रिंट जास्तीचे काढा.

क्रम पाळा: आधी क्रॉप, मग ३०० डीपीआयला ८१५ × ५४३ पिक्सेल, मग सावल्या किंचित उजळ, आणि शार्पनिंग सगळ्यांत शेवटी. मोठ्या फाइलवर केलेलं शार्पनिंग लहान करताना निघून जातं. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही, म्हणून पडद्यावर ठीक वाटणारी सावली कागदावर एक पायरी गडद दिसते.

कागद मॅट सांगा. ग्लॉसी फोटोवर ट्यूबलाइट चमकते, वाचक पुस्तक तिरकं धरतो आणि मजकुराची ओळ सुटते.

सावध: ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे ऑर्डर देतानाच सांगा. नाहीतर मशीन पांढऱ्या कडा मोजून फोटो अंधारे करतं, आणि दोन प्रिंटवरचे फोटो दोन तऱ्हांचे निघतात. आधी एकच प्रिंट काढा, दिवसाच्या उजेडात बघा, मग बाकीचे.

## पायरी ६: मजकुराची जुळणी

देवनागरीची खरी अडचण इथे येते, आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकलेली मांडणी इथेच घसरते. आपल्या अक्षराची वरची कड म्हणजे शिरोरेषा, मात्रेचं टोक नव्हे. फोटोची वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळवा. सॉफ्टवेअर मजकुराची चौकट फोटोशी जुळवून देतं, पण चौकटीत वेलांटी-मात्रांसाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे मजकूर दोन-तीन मिलिमीटर खाली ओघळलेला दिसतो. हाताने वर घ्या. खालची कड जुळवताना शेवटच्या ओळीतल्या अक्षरांचा तळ धरा, उकार नको.

ओळ-अंतर १२ पॉइंटला १८. चौदावर आणलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. दोन्ही कडांना ताणून जुळवणी करू नका, मराठी शब्द लांब असल्याने मध्ये भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं.

फाँट युनिकोडच घ्या: पुस्तकी वळणाचा हवा तर तिरो देवनागरी मराठी, साधा हवा तर मुक्ता. ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते पाहा. भाषा हिंदी ठरवलेली असेल तर हिंदी वळणाचे येतात. डीटीपीत मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये बदलून घेतला तर ‘वाऱ्या’मधला ऱ्या, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. हे तीन शोधून तपासा. मजकुरात ‘येऊन राहिली’, ‘काहून’ असं वऱ्हाडी बोलणं असेल तर फाइलबरोबर चिठ्ठी द्या की हे असंच ठेवायचं. चांगला ऑपरेटर भलेपणाने ते दुरुस्त करून ठेवतो.

समास: आतला २० मिलिमीटर, बाहेरचा १५, खालचा २२. फोटो पानाच्या बरोब्बर मध्यावर ठेवला तर खाली खचल्यासारखा वाटतो, ८ ते १० मिलिमीटर वर घ्या. फोटोची जागा छापताना चार कोपऱ्यांवर फिकट करडे ठिपके टाका, फोटोच्या कडेपासून एक मिलिमीटर आत, म्हणजे चिकटवल्यावर झाकले जातील.

फोटोखाली ओळ नको. ‘फुटाळा, सायंकाळ’ एवढं लिहिलं तरी वाचक त्या जागी जाऊन पोचतो आणि उताऱ्यातून बाहेर पडतो. जागा आणि वर्षं पान १६ वर.

## पायरी ७: छपाई, घडी, शिवण

आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे किंचित पिवळसर, चमक नसलेला छपाईचा कागद, मुखपृष्ठ २५० जीएसएम. लेझर प्रिंटर वापरा, इंकजेटची शाई मॅपलिथोवर फुटते. प्रिंटच्या खिडकीत माप १०० टक्के ठेवा, ‘फिट टु पेज’ नको, नाहीतर ठिपके सरकतात. दोन्ही बाजूंनी छापताना शॉर्ट एजवर उलटणं निवडा. लाँग एज राहिलं तर मागची पानं उलटी येतात. पहिला कागद निघाला की थांबून बघा.

घडी घालण्याआधी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, बघा. कागद आडवा आणि उभा हलकेच वाकवा, ज्या दिशेने कमी अडतो त्या दिशेची घडी स्वच्छ येते. तयार ए-फोरचा ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे आपली घडी त्याच्या विरुद्ध. म्हणून आधी स्टीलची पट्टी लावून बोथट सुरीच्या पाठीने रेघ ओढा, मग घडी. मोठा कागद घेऊन ग्रेन बघून कापून मिळाला तर उत्तमच.

फोटोंमुळे पुस्तिका कडेला फुगते, म्हणून घडीजवळही जाडी द्यावी लागते. त्याच कागदाच्या २० मिलिमीटर रुंद तीन पट्ट्या उभ्या दुमडून कागदांच्या मध्ये एकेक ठेवा. त्या समासातच राहतात.

सगळं मुखपृष्ठात घालून घडीवर टोच्याने तीन भोकं पाडा: मधोमध एक, वरून आणि खालून ४० मिलिमीटरवर एकेक. ५५ सेंटिमीटर सुती दोरा मेणावरून ओढा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. मग बाहेरची कड पट्टी लावून कापा, आतले कागद थोडे पुढे आलेले असतात.

## पायरी ८: फोटो चिकटवणे

फोटो कटरने, स्टीलच्या पट्टीवर, एका दाबात न कापता तीन हलक्या ओढींत कापा. पातं दर पंधरा-वीस फोटोंनंतर बदला.

आम्लरहित दुहेरी टेपची एक अरुंद पट्टी फक्त वरच्या कडेला लावा. चारही बाजू चिकटवल्या तर कागद आणि फोटो वेगवेगळे आकसतात आणि पान वाकतं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्याने मॅपलिथोला लाटा येतात. रबर सोल्यूशनचे पिवळे डाग कालांतराने फोटोतून वर येतात.

सावध: हे काम कूलरसमोर करू नका. ओलसर वाऱ्याने कागद फुलतो, कूलर बंद केला की आकसतो, आणि तेवढ्यात फोटो तिरका झालेला असतो. उन्हाळ्यात पंख्याखाली सकाळी करा. पावसाळ्यात कागद आदल्या दिवशीच गठ्ठ्यातून काढून त्याच खोलीत मोकळा ठेवा.

प्रत्येक फोटोवर बटर पेपर ठेवून पुस्तिका मिटा. पाच-पाच प्रती फळीखाली, वर चार जाड पुस्तकं, २४ तास. आठ दिवसांनी एक प्रत टेबलावर आडवी ठेवा. पुढची कड एक सेंटिमीटरहून जास्त उघडी राहत असेल तर पुढच्या खेपेला आणखी एक पट्टी वाढवा, किंवा फोटो काही पानांवर वर, काही पानांवर खाली घ्या, म्हणजे ते एकावर एक येणार नाहीत.